अर्धी गोळी

लातूरला बाईंच्या दवाखान्यात
भिंतीवर एक जिराफ आहे, मानेवर सेंटिमीटर रंगवलेले.
संगमेश तिथं उभा राहतो म्हणजे
एक पाय उभा राहतो,
दुसरा खिडकीखालच्या जेसीबीकडं निघालेला असतो.
एकशे तेवीस, सिस्टर म्हणते.
वजन बावीस सातशे.
मागच्या खेपेला तेवीस होतं.
तीनशे ग्रॅम.
एका सीलिंग फॅनला एवढी तांब्याची तार लागते.

माझं दुकान उदगीरला, मोटर रिवायंडिंगचं.
दिवसभर वेढे मोजतो.
मोजणी चुकली की मोटर तापते, गुरगुरते,
एखाद्या रात्री वासच येतो.
म्हणून पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
बाई, ह्याचा कुठला वेढा चुकला?
डॉ. शेटकार म्हणाल्या, मोटरीतलं मला कळत नाही.
हा जेवायला किती वेळ बसतो, ते सांगा.

तेव्हापासून वही आहे.
अक्षर महानंदाचं, तारखा माझ्या.
सकाळी आठ, अर्धी गोळी.
डबा तसाच परत, नुसतं लोणचं खाल्लं.
पाच वाजता रडला. कारण सांगेना.
रात्री साडेअकरा, डोळे टक्क उघडे,
विचारतो, मुंग्या आडव्या झोपतात का?
(ह्याचं उत्तर वहीत नाही.)

गोळी उदगीरला मिळत नाही.
लातूरला एकाच दुकानात मिळते,
तीस दिवसांची, वर एक नाही.
दुकानदार चिठ्ठी उलटीपालटी करून बघतो,
मग जाड रजिस्टर काढतो. नाव, पत्ता, सही.
पहिल्यांदा सही केली तेव्हा
मागं रांगेत कोण कोण आहे, ते बघून घेतलं.
पंप न्यायला आलेला एक गिऱ्हाईक म्हणालाच,
लेकराला कशाला नशा लावता,
चार ठेवून द्या की कानाखाली.
त्याच्या पंपाचे मी पन्नास जास्त घेतले.

श्रावणात गोळी संपली.
स्टॉकच नाही, नांदेडला बघा.
बाहेर लेकरं खोकत होती, तरी बाईंनी
तिथल्या तिथं नांदेडला फोन लावला,
नवी चिठ्ठी लिहिली. म्हणाल्या, सोमवारपर्यंत येईल.
चार दिवस नाही दिली तर आभाळ कोसळत नाही.

आभाळ नाही कोसळलं.
दुकानातला स्टॅबिलायझर कोसळला.
शाळेतून दोनदा फोन.
शेजारच्या दुकानातल्या काट्याचं पारडं
कुणी पळवलं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.
पण शनिवारी रात्री त्यानं चार पोळ्या खाल्ल्या,
पाचवी मागितली.
महानंदा तव्याकडं तोंड करून बसली, वळलीच नाही.
मला वाटलं, राहू द्यावी ही गोळी.
खाऊ द्यावं. पडू द्यावं काय पडायचं ते.

जळालेल्या मोटरीची तार उलगडत तो माझ्या पायाशी बसला होता.
चाळीसपर्यंत मोजायचा, चुकायचा,
हसून पुन्हा एकपासून.
मधीच म्हणाला, पप्पा, गोळी कधी येणार?
काऊन रे?
गोळीच्या दिवशी बिरादार सर
माझं नाव कमी वेळा घेतात.

सोमवारी मी नांदेडची पहिली गाडी धरली.

पुढच्या खेपेला बाईंनी वही वाचली, पान न पान.
चार पोळ्यांच्या ओळीवर पेन थांबलं.
गोळी वाढवली नाही, बंदही केली नाही.
आधी पोटभर खाऊ घाला, मग द्या.
रात्री झोपायच्या आधी शेंगदाण्याचा लाडू.
महिन्यानं पुन्हा जिराफापाशी आणा.

आता सकाळी भाकरी, दूध, मग गोळी.
तिच्या मधोमध एक रेघ आहे.
मी नखानं मोडतो.
तीस वर्षं मोजून मापून काम करणारा हा हात,
पण दोन अर्धे सारखे होत नाहीत.
मोठा तुकडा कुठल्या दिवशी द्यायचा, गणिताच्या की खेळाच्या,
हे बाईंना विचारायचं
दर खेपेला राहून जातं.